हिशेब मागणारी सभा

राज्यकर्त्यांस जाब विचारण्याचा धडा आपण केवळ इंग्रजी ग्रंथांतून शिकलों, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. त्यांत थोडें तथ्य आहेही. तथापि पुण्यांत ह्या धड्याचा आरंभ झाला तो पार्लमेंटच्या चर्चेंतून नव्हे, तर एका देवस्थानाच्या हिशेबावरून.

पर्वती संस्थानचा कारभार पंचांकडे होता. त्या कारभाराविषयीं लोकांत तक्रारी उठल्या. त्या सरकारच्या कानांवर घालावयाच्या तर कोणाच्या नांवानें? एकट्यादुकट्याच्या अर्जास कोण विचारतो? ह्या विचारांतून २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे पंतप्रतिनिधि तिचे पहिले अध्यक्ष होते. परंतु तिचा प्राण म्हणजे वकील गणेश वासुदेव जोशी. लोकांनीं त्यांना 'सार्वजनिक काका' हें नांव दिलें तें उगीच नव्हे.

सभेचा एक नियम विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. जो सभासद होईल त्यानें निदान ५० माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणलें पाहिजे. आरंभींचे ९५ सभासद अशा रीतीनें सुमारें ६,००० लोकांच्या वतीनें बसले होते. "तुम्ही बोलतां तें कोणाच्या तर्फे?" हा सरकारचा ठराविक प्रश्न, त्याचें उत्तर सभेनें आधींच लिहून ठेवलें होतें.

१८७१ सालीं महादेव गोविंद रानडे न्यायाधीश होऊन पुण्यास आले. सरकारी नोकरीमुळें ते पडद्याआड राहिले. परंतु आधीं चौकशी, मग अर्ज, ही शिस्त सभेस लागली ती त्यांच्यामुळें. दख्खनच्या शेतकऱ्यांची स्थिति व साऱ्याचा बोजा ह्यांविषयीं सभेनें माहिती जमविली. १८७५ सालीं तर हिंदुस्थानास पार्लमेंटांत प्रतिनिधि मिळावेत असा अर्ज तिनें थेट विलायतेस धाडला.

ह्या शिस्तीची कसोटी लागली ती १८७६ च्या दुष्काळांत. कामावरील मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य व वर थोडे पैसे, इतकी खालीं आणावी असा सल्ला सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं दिला, आणि मुंबई इलाख्यांत तो अमलांत आला. दिवसभर खडी फोडणाऱ्याच्या पोटास तें कसें पुरावें? हजारों मजूर कामें सोडून गेले. सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांत आपलीं माणसें धाडलीं, त्यांच्याकडून हकीकती मागविल्या, आणि त्या एकामागून एक सरकारास सादर केल्या. पुढें दुष्काळ कमिशनचा रिपोर्ट १८८० सालीं बाहेर पडला, आणि १८८३ सालीं दुष्काळाच्या नियमांचा मसुदा झाला. हें सर्व सभेच्याच अर्जांचें फळ, असें म्हणणें अतिशयोक्ति होईल. परंतु उपासमार ही दैवाची गोष्ट नसून तिच्याबद्दल सरकार उत्तरदायी आहे, ही भाषा रुजविण्यांत तिचा वांटा मोठा होता.

१८९६ चा दुष्काळ आला तेव्हां सभा लोकमान्य टिळकांच्या हातीं होती. ह्या वेळीं सभेनें नवीन कांहीं मागितलें नाहीं. सरकारचेच नियम मराठींत छापून खेड्यापाड्यांत वांटले, आणि सारा तहकूब होण्याचा शेतकऱ्याचा हक्क त्यास समजावून सांगितला. सरकारास हें अर्जांहून अधिक झोंबलें. १८९७ सालीं त्यानें सभेची मान्यता काढून घेतली. मान्यता काढतां आली; शेतकऱ्यास कळलेला नियम मात्र त्याच्या मनांतून काढतां आला नाहीं.

सभेचे दोषही झांकूं नयेत. तिचे सभासद बहुतेक सरदार, सावकार, वकील व पेन्शनर होते. ही सभा शूद्रातिशूद्रांची नव्हे, हा महात्मा जोतीराव फुले ह्यांचा आक्षेप खोटा म्हणतां येत नाहीं. शिवाय १८९६ सालीं रानडे-गोखल्यांनीं निराळी डेक्कन सभा काढली, आणि ऐन दुष्काळांत एकाचे दोन झाले.

आमच्या वणीचा ह्या परंपरेशीं एक योगायोगाचा संबंध आहे. सार्वजनिक काका २५ जुलै १८८० रोजीं वारले, आणि त्याच सालच्या २९ ऑगस्टला वणीस माधव श्रीहरी अणे जन्मले. वऱ्हाड तेव्हां इंग्रजांच्या अमलाखालीं होता, आणि १९०५ पर्यंत आमच्या जिल्ह्यासही वणीचेंच नांव होतें. ह्याच बापूजी अण्यांनीं १० जुलै १९३० रोजीं पुसदच्या राखीव जंगलांत गवत कापून कायदेभंग केला. काकांनीं जंगलच्या कायद्याविरुद्ध अर्ज लिहिला असता. पन्नास वर्षांनीं बापूजींनीं विळा हातीं घेतला.

आज अर्जाचें बळ वाढलें आहे. लोकांच्या चळवळीनंतर महाराष्ट्रानें २००२ सालीं, आणि सबंध देशानें २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. सामान्यतः ३० दिवसांच्या आंत उत्तर देणें कचेरीस भाग आहे. काकांच्या अर्जाचें उत्तर देणें न देणें सरकारच्या मर्जीवर होतें, हें आठवलें म्हणजे ह्या एका ओळीचें मोल कळतें.

परंतु कायदा आपण होऊन प्रश्न विचारीत नाहीं. त्यास विचारणारीं माणसें लागतात, आणि एकट्या माणसास पाठबळ लागतें. सह्या गोळा करणें, हकीकत तपासणें, नियम शेजाऱ्यास समजावून सांगणें, हीं कामें कंटाळवाणीं खरीं. सभेचा इतिहास बव्हंशी अशाच कामांचा आहे. आपल्या नगरपालिकेच्या वा देवस्थानाच्या हिशेबापासून आरंभ केला तरी तो लहान म्हणून कोणीं हंसूं नये; पर्वतीचा आरंभही तेवढाच होता.