बाईचा रोज

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती आणि रांगोळ्यांच्या जोडीला इतिहासाचाही एखादा लेख असावा, असे चिटणीसबाईंनी सुचविले. इतिहास म्हटला की राजेरजवाडे आणि लढाया. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. बायांच्या मजुरीचा इतिहास मला अधिक जवळचा वाटतो, म्हणून तोच लिहिते.

आपल्या बदनापूरच्या भागात पिके कापसाची, तुरीची, मुगाची. गडी सालाने राहतो. पाडव्याला मालक आणि गडी समोरासमोर बसतात, सालाची रक्कम ठरते, उचल किती, धान्य किती, हेही बोलून घेतात. बाईला असा पाडवा कधी लाभला नाही. तिचा रोज गावाने आधीच ठरविलेला, आणि तो गड्याच्या रोजाहून कमी. कारण विचारले तर उत्तर एकच, "बायांचे काम हलके." भर उन्हात दिवसभर उकिडवे बसून खुरपणे हलके कसे, हे बोलणाऱ्याने एकदा करून पाहावे. सालगड्याची बायको मालकाचा गोठा झाडते, शेण काढते, ते तर हिशेबातच धरीत नाहीत. कापूस वेचणीला मात्र किलोवर मजुरी मिळते. कापूस कोणी वेचला हे काटा विचारीत नाही. भगिनींनो, एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

1950 साली राज्यघटना लागू झाली. तिच्या 39 व्या कलमात स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन मिळावे, असे धोरण लिहिलेले आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने 1951 साली याच विषयाचा करार केला, आणि आपल्या देशाने तो 1958 साली मान्य केला. हे सारे दिल्लीत आणि परदेशात झाले. खुरप्यापर्यंत त्यातले काही आले नाही.

आले ते दुष्काळाबरोबर. 1972 चा दुष्काळ आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना अजून आठवतो. माझ्या सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. घरात दाणा नव्हता, रेशनवर तांबडा मिलो मिळे, कामावर सुकडी वाटीत. चांगल्या घरच्या सुना, कधी उंबरठा न ओलांडलेल्या, डोईवरचा पदर सावरीत खडी फोडायला बसल्या. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसे होती, आणि त्यांत बाया फार मोठ्या संख्येने होत्या. सासूबाई सांगतात, "पहिल्या दिवशी हाताला फोड आले, आठव्या दिवशी घट्टे पडले. पण ढीग माझा होता. साहेब माप घेई, आणि मापाचे पैसे होत."

या कामांमागून जी योजना राज्यभर उभी राहिली, ती रोजगार हमीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूरकडे ती आधी करून पाहिली होती. पुढे 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. खर्चासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसविला. म्हणजे मुंबईच्या कचेरीतील पगारातून खेड्यातील बाईच्या घामाचे पैसे येऊ लागले. हे मला फार आवडते. या योजनेत दर कामाला होता, खणलेल्या मातीला आणि फोडलेल्या दगडाला होता. गड्याचा दर वेगळा आणि बाईचा वेगळा, असे नव्हते.

तरी सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. मातीकामात गडी खणतो, बाई पाटी वाहते. माप जोडीचे निघे, आणि पैसे नवऱ्याच्या हातात जात. मजुरी समान झाली, पण बाईला तिचा आकडा कळत नसे. पुढे 2005 च्या राष्ट्रीय कायद्याच्या काळात मजुरी बँकेत आणि पोस्टात जमा होऊ लागली. तेव्हा सासूबाईंच्या नावाचे पहिले पासबुक आमच्या घरी आले. वाचता येत नसताही त्या ते रोज उघडून पाहत.

दरम्यान, 1975 या आंतरराष्ट्रीय महिला वर्षी समान वेतनाचा वटहुकूम निघाला, आणि 1976 साली त्याचा कायदा झाला. त्याचा खरा कस लागला तो मुंबईत. मॅकिनन मॅकेंझी या जहाजी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या लघुलेखिका होत्या. त्यांची नोकरी 1977 साली गेली. तेच काम करणाऱ्या पुरुष लघुलेखकांना आपल्याहून जास्त पगार होता, म्हणून त्यांनी फरकाची मागणी केली. कंपनी म्हणाली, या बाया साहेबांच्या खासगी लघुलेखिका, त्यांचे काम निराळे. शिवाय पगार युनियनशी करार करून ठरला आहे. आणि आमची परिस्थितीही बेताची आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1987 साली न्यायालयाने सांगितले की काम सारखे आहे की नाही हे बारीकसारीक फरक काढून ठरवायचे नसते, करार कायद्याहून मोठा नाही, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. टंकयंत्रापुढची बाई आणि खुरप्यापुढची बाई, दोघींना मिळणारे उत्तर किती सारखे, पाहा : "तुमचे काम निराळे." तो कायदा पुढे 2019 च्या वेतन संहितेत सामावला गेला, आणि ती संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली.

शेतात मात्र बाया कायद्याची वाट पाहत थांबलेल्या नाहीत. अलीकडे आमच्याकडे आठ-दहा जणी टोळी करून खुरपणी आणि तुरीची सोंगणी उक्ती घेतात. बोलायला एकीला पुढे करतात. ती बांधावरून तण पाहते, ओल पाहते आणि एकराचा आकडा सांगते. मालक आकडा पाडून मागतो. ती पदर खोचून रस्त्याला लागते, बाकीच्या मागून निघतात, आणि बहुधा चार पावलांवर हाक येते. उक्त्यात उरकण्याची घाई असते, कंबर मोडते, आजारी पडलेलीचा वाटा कसा धरायचा यावर भांडणेही होतात. पण वाटणी केली तर दिवस गड्याच्या रोजाच्या जवळ जातो, असे त्या सांगतात. फवारणीला आणि औतावर मात्र बाईला अजून कोणी बोलावीत नाही, आणि चढा रोज त्याच कामांना आहे.