अमरावतीचं पाणी दोन समुद्रांना का जातं?

वऱ्हाडाला समुद्रकिनारा नाही. अमरावतीहून मुंबईचं बंदर सहाशे किलोमीटरपेक्षा लांब. तरीही या जिल्ह्यातलं पावसाचं पाणी दोन वेगवेगळ्या समुद्रांना जाऊन मिळतं. कसं ते समजून घेऊ.

अमरावती नेमकी कुठे आहे?

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंचीवर आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्यातला मेळघाट, पश्चिमेला पूर्णा नदीचं काळ्या मातीचं सपाट खोरं आणि पूर्वेला वर्धा नदी. शहराला लागूनच पूर्वेकडे पोहरा-चिरोडीच्या टेकड्या आहेत. पूर्णा आणि वर्धा या दोन खोऱ्यांच्या मधला हा उंचवटा म्हणजे जलविभाजक. पावसाचं पाणी इथे दोन दिशांना वाटलं जातं.

कुठलं पाणी कुठे जातं?

- पश्चिमेकडचं: शहरातला अंबानाला पेढी नदीला मिळतो, पेढी पूर्णेला. पूर्णा जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेवजवळ तापीला मिळते. तापी पुढे मुघल काळातलं मोठं बंदर असलेल्या सुरतवरून अरबी समुद्रात जाते. अकोल्याची मोर्णाही पूर्णेलाच मिळते.
- पूर्वेकडचं: वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते आणि पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचतं.

गंमत म्हणजे तापी आणि वर्धा या दोन्ही नद्या मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, मुलताई परिसरात उगम पावतात.

मग नळाला कुठलं पाणी येतं?

अमरावती शहराला मोर्शी तालुक्यातल्या सिंभोरा इथल्या अप्पर वर्धा धरणातून पाणी मिळतं. म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी जलवाहिनीतून शहरात येतं आणि वापरून झालं की नाल्यावाटे पूर्णेच्या खोऱ्यात उतरतं.

पूर्णेच्या खोऱ्यात पाणी नाही का?

आहे, पण बऱ्याच ठिकाणी खारं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णाकाठचा हा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. विहिरीचं पाणी ना धड पिता येतं, ना पिकाला देता येतं. ते सतत दिलं तर काळी चिकण जमीन आणखी बिघडते. त्यामुळे समोर विहीर असूनही अनेक शेतकऱ्यांची शेती पावसावरच चालते. पिण्यासाठी लांबच्या धरणांवर अवलंबून राहावं लागतं. अकोट-तेल्हारा भागातल्या गावांना सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणाचा आधार आहे.

पुढे काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मंजुरी दिली. गोसीखुर्दचं पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या जोड कालव्याने बुलढाण्यापर्यंत नेण्याची ही योजना आहे. म्हणजे गोदावरी खोऱ्यातलं पाणी तापी खोऱ्यात. अमरावतीच्या नळासाठी जे आजही होतं, तेच शेतीसाठी कितीतरी मोठ्या प्रमाणावर करायचं आहे. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र साधा आहे: हे गोडं पाणी त्याच्या शेतापर्यंत कधी पोहोचणार?