भातगिरणीचं चाक

इतिहास शिकवण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. वाफेचं इंजिन, जेम्स वॅट, औद्योगिक क्रांतीची कारणे व परिणाम हे सगळं मी इतक्या वेळा शिकवलं की झोपेतून उठवलं असतं तरी मुद्दे घडाघडा म्हणून दाखवले असते. पण एखादं चाक जड का असतं, हे मला वयाची सत्तरी उलटल्यावर कळलं आणि तेही माझ्याच एका नापास विद्यार्थ्याकडून. त्याची ही हकिगत.

शहापूरहून किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडला जाताना रस्त्याच्या कडेला त्याचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पुढे आंब्याचं झाड. दहावीला तो गणित आणि इंग्रजीत गेला. मग कल्याणला, पुढे कुर्ल्याला गॅरेजात राहिला आणि जुन्या विलायती गाड्यांचं काम शिकून गावाकडे परतला. परवा मुरबाडहून येताना सहज डोकावलो, तर शेडमध्ये एक लाल, बुटकी, दोनच माणसांची उघडी गाडी उभी. एमजी टीडी. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५० ते १९५३ या काळात बनलेली स्पोर्ट्‌स कार. मालक मुंबईचे. माळशेज घाटात इंजिन नुसतं गुरगुरायला लागलं, गाडी काही चढेना आणि जळका वास सुटला. शेवटी ट्रकवर घालून इथे आणली.

"क्लच घसरत होता सर," तो म्हणाला. "या इंजिनाला मागच्या बाजूला रबरी सीलच नाही. क्रँकवर मळसूत्रासारखी खाच आहे, ती फिरता फिरता तेल मागे लोटते. गाडी उभी राहिली की थोडं तेल ओघळणारच. ते प्लेटवर गेलं की संपलं."

गाडीतल्या पायाखालच्या लाकडी फळ्या काढून गिअरबॉक्स उतरवलेला होता. बाजूला पोत्यावर एक जड लोखंडी चकती ठेवली होती. तेच फ्लायव्हील. लेथवर त्याचा चेहरा हलकासा घासून आणलेला, आरशासारखा. मी हात लावायला गेलो तर तो जवळजवळ ओरडलाच, "सर, बोट नको! बोटाचं तेलसुद्धा तिथं चालत नाही."

मी मुकाट स्टुलावर बसलो आणि विचारलं, "एवढं जड कशाला ठेवतात रे?"

तो हसला. "सर, हेच मी तुम्हाला नववीत विचारलं होतं."

मला आठवेना. त्याला मात्र स्वच्छ आठवत होतं. वॅटचा धडा चालू होता. फळ्यावर मी इंजिनाची आकृती काढली होती, बाजूला मोठं चाक. त्याने उभं राहून विचारलं, "सर, आमच्या भातगिरणीला आहे तसलं का?" त्याचे वडील गिरणीत कामाला होते. शाळेमागेच ती गिरणी, दिवसभर टुकटुक चालायची. मी म्हणालो होतो, "गिरणी राहू दे, पुस्तकात बघ." वर्ग हसला आणि तो खाली बसला.

आता त्याने सांगितलं ते असं. गिरणीच्या इंजिनात एकच सिलिंडर. चाकाचे दोन फेरे होतात तेव्हा कुठे एक धक्का मिळतो. मधला सगळा वेळ इंजिन चालतं ते जड चाकाने साठवून ठेवलेल्या गतीवर. या मोटारीला चार सिलिंडर, म्हणजे दर फेऱ्याला दोन धक्के. म्हणून हिचं चाक लहान असून भागतं. वॅटचीही अडचण हीच होती. दट्ट्या पुढेमागे हलणार, यंत्रांना मात्र एकसारखं फिरणं हवं. त्यातून क्रँकचं पेटंट १७८० साली दुसऱ्याच्या नावावर झालेलं. मग १७८१ साली वॅटने सूर्याभोवती ग्रह फिरावा तशी दातेरी चाकांची जोडणी पेटंट केली. हे साल मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलं. चाकाविषयी एक वाक्य बोललो नाही.

"आणि क्लचही गिरणीत होताच की सर," तो म्हणाला. खरंच होता. गिरणीत दोन कप्प्या शेजारी शेजारी असत. एक दांड्याला पक्की, दुसरी नुसती सैल फिरणारी. इंजिन सुरू करताना चामडी पट्टा सैल कप्पीवर ठेवायचा. इंजिनाने वेग घेतला की लाकडी दांडक्याने पट्टा हळूहळू पक्क्या कप्पीवर सरकवायचा. घाईने सरकवला तर पट्टा उडायचा. फिरतं आणि थांबलेलं यांची गाठ घालायची, पण झटका न देता. मोटारीतही तेच, फक्त पट्ट्याऐवजी चकती. एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांनी दाबणारी प्रेशर प्लेट, आणि दोघांच्या चिमटीत क्लच प्लेट. पायाने पेडल दाबलं की चिमटा सुटतो.

त्याने फ्लायव्हील खुणेला खूण जुळवून क्रँकवर बसवलं, बोल्ट आवळले, फडक्याने पुन्हा पुसलं. मग क्लच प्लेट लावली आणि तिच्या भोकातून सागवानी लाकडाचा एक कातीव दांडा सारला. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या मापाचा तो दांडा त्याने गावच्या सुताराकडून करून घेतला होता. प्लेट बरोबर मध्यावर राहायला हवी, नाहीतर नंतर गिअरबॉक्स आत जातच नाही. त्यावर प्रेशर प्लेट. तिचे बोल्ट त्याने समोरासमोरचे धरून, अर्धा अर्धा फेरा देत आवळले. एकच बोल्ट आधी घट्ट केला तर कव्हर वाकडं होतं.

मधेच त्याने एक बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. "सर, हा तुमच्या विषयातला." त्याचे आटे मिलिमीटरच्या मापाचे, पण डोक्याला मिलिमीटरचा पाना बसत नाही, व्हिटवर्थचा लागतो. कारण असं की हॉचकिस या फ्रेंच शस्त्रकंपनीने पहिल्या महायुद्धात इंग्लंडात कॉव्हेंट्रीला कारखाना काढला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. १९२३ साली मॉरिसने तो कारखाना विकत घेतला, यंत्रं तीच ठेवली. पण इंग्लंडातल्या मेकॅनिकांकडे पाने व्हिटवर्थचे, म्हणून डोकी तेवढी इंग्रजी मापाची. एका बोटभर बोल्टात दोन देश! मला माझं बालपण आठवलं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तरी आमची आजी पुढे कित्येक वर्षं आण्यातच हिशेब करायची.

हे तो कुठल्या पुस्तकातून शिकला नव्हता. कुर्ल्याच्या म्हाताऱ्या उस्तादाकडून शिकला. त्या उस्तादांच्या पिढीलाही हे गरजेने शिकावं लागलं. शिवडीला जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना १९२८ पासून होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवलं की नुसती जोडणी नको, गाडी इथे बनवायची. तेव्हा १९५४ च्या सुमारास तो बंद झाला. धोरण चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण रस्त्यावरच्या विलायती गाड्यांना सुटे भाग मिळणं दुरापास्त झालं. मग प्लेटला नवं अस्तर रिबिटांनी ठोका, लेथवर बुश कातून घ्या, असं करत या लोकांनी त्या गाड्या चालत्या ठेवल्या. त्यांची नावं कुठल्याच इतिहासात नाहीत. मी तरी कुठे शिकवली?

गिअरबॉक्स चढवताना त्याने पोरांना दोनदा बजावलं, "वजन प्लेटवर टाकायचं नाही, जॅकवर पेला." शाफ्ट सरळ आत गेला. संध्याकाळपर्यंत पेडलची ढील जमवून झाली. त्याने इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला, कसलीही कुरकुर नाही, आणि गाडी आंब्याखालून अलगद रस्त्यावर निघाली. जाऊन आला तेव्हा मी म्हणालो, "तुझ्या वडिलांना मी एकदा सांगितलं होतं, याच्या डोक्यात काही शिरत नाही म्हणून."

"माहीत आहे सर," तो म्हणाला आणि हात पुसत चहा सांगायला गेला.

त्याच्यावर मी काय बोलणार? घरी आल्यावर विसरायच्या आत सगळं वहीत उतरवून काढलं, आकृतीही काढली. चार दिवसांनी त्याला दाखवायला घेऊन गेलो. त्याने चष्मा लावून नीट पाहिलं, कानावरची पेन्सिल घेतली आणि खूण केली.

"सर, प्लेट उलटी काढलीत. तिचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे पाहिजे."