अडकईची मुळी आणि मनाचे दुखणे

'बेजार' हा फारसीतून आलेला शब्द मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांनी घरात घेतला. मराठी माणूस बेजार होतो तो त्रासाने, दगदगीने. कानडी शेजाऱ्याला 'बेजार' होते तेव्हा त्यात कंटाळा असतो, उदासी असते, मनाला लागलेली एखादी गोष्टही असते. दोन्ही भाषा नांदणाऱ्या आमच्या भागात हा शब्द घरोघरी ऐकू येतो. दवाखान्याची पायरी चढल्यावर मात्र तो तोंडातून निघत नाही. तेथे छातीत धडधडते, झोप येत नाही, अन्नावर वासना नाही, अशी शरीराची गाऱ्हाणीच तेवढी सांगितली जातात.

याला कारण आहे. मनाच्या दुखण्याचे इस्पितळ म्हटले की पुण्याकडच्या माणसाला येरवडा आठवतो आणि आम्हांला धारवाड. धारवाडचे वेड्यांचे इस्पितळ १८४५ सालचे, म्हणजे सत्तावनच्या बंडाच्याही आधीचे. इंग्रजी अमदानीतली ही इस्पितळे मुख्यतः समाजाला ज्यांची भीती वाटे त्यांना वेगळे ठेवण्यासाठी होती. नुसता उदास असलेला, रात्ररात्र जागणारा, चारचौघांत घाम फुटणारा माणूस त्या भिंतींच्या आत बसत नव्हता आणि बाहेर त्याला औषध नव्हते. तो घरातच राहिला. कोणी त्याला आळशी म्हटले, कोणी भित्रा. कोणी देवऋष्याकडे नेले. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत चरकाने विषादाला अग्रस्थान दिले होते, याची आठवण फारशी कोणाला राहिली नव्हती.

अशा माणसाचे दुखणे हा शरीराचाही मामला आहे, हा विचार विसाव्या शतकाच्या मध्याला रुजला. त्या हकिकतीत आपल्या सह्याद्रीतल्या एका झुडपाचा मोठा वाटा आहे.

सर्पगंधा, कोकणात जिला अडकई म्हणतात, हे दमट रानातले हातभर उंचीचे झुडूप. हिचे शास्त्रीय नाव राउवोल्फिया. ज्या जर्मन वैद्याच्या नावावरून ते पडले तो लिओनार्ड राउवोल्फ हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता! इकडे मात्र हिची कडू मुळी सर्पदंशावर आणि उन्मादावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचे छापून मांडले. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचा अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून 'रिसर्पिन' हे द्रव्य वेगळे काढले आणि दोनतीन वर्षांत ते जगभर गेले.

खरी गंमत पुढे आहे. १९५४ साली अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी नोंदवले की रक्तदाबासाठी रिसर्पिनची मोठी मात्रा दीर्घकाळ घेणारे काही रुग्ण खिन्न होतात. पुढच्याच वर्षी दिसले की हे औषध शरीरातला सिरोटोनिनचा साठा रिता करते. त्याच सुमारास क्षयाच्या रुग्णांना दिलेल्या इप्रोनियाझिड या औषधाने माणसे टवटवीत झालेली दिसली होती, आणि ते औषध अशा द्रव्यांचा नाश रोखते हेही कळले होते. एक द्रव्य कमी करून माणूस खिन्न होतो, ते टिकवून धरले की हुशार होतो. हिशेब कसा चोख जुळला! मेंदूत ही द्रव्ये कमी पडली की खिन्नता येते, हे मत तेथून पसरले. १९५७ मध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण दाखवला आणि खिन्नतेवरच्या गोळ्यांचे युग सुरू झाले.

पण हिशेब इतका चोख नव्हता. १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटून एका गटाला रिसर्पिन आणि दुसऱ्याला नुसती पोकळ गोळी दिली होती. रिसर्पिन घेणारे अधिक सुधारले! लॅन्सेटसारख्या साप्ताहिकात येऊनही त्या लेखाकडे फारसे कोणी पाहिले नाही. लोकांना सोपी गोष्ट हवी असते. विद्वानही त्याला अपवाद नसतात. २०२२ मध्ये लंडनच्याच संशोधकांनी आजवरचे पुरावे चाळले, तेव्हा सिरोटोनिनच्या कमतरतेनेच खिन्नता येते याला सुसंगत आधार मिळाला नाही.

यावरून गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत, हे येथे ठासून सांगितले पाहिजे, कारण अर्धवट बातमी वाचून औषध एकाएकी सोडणारी माणसे असतात. गोळी का लागू पडते याचे उत्तर अपुरे असले तरी अनेकांना ती लागू पडते. फक्त गुण यायला दोनतीन आठवडे तरी लागतात, बरे वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागते, आणि बंद करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू. घाबरेपणावर तत्काळ उतारा देणाऱ्या झोपेच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. त्यांची सवय जडते. आणि अडकईची मुळी घरी उगाळून घेण्याचा मोह तर मुळीच नको. ती रक्तदाब एकदम खाली आणू शकते.

गोळीखेरीज काय, याचे एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात सापडले. 'संगात' संस्थेच्या पुढाकाराने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत गंभीर खिन्नता असलेल्या ४९५ माणसांवर एक प्रयोग झाला. तो २०१७ च्या लॅन्सेटमध्ये आला. अर्ध्या लोकांना नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ बैठका मिळाल्या. बैठक घेणारे डॉक्टर नव्हते. त्या कामापुरते शिकवून तयार केलेले साधे लोक होते. सोडून दिलेली कामे थोडीथोडी पुन्हा हाती घ्यायची, माणसांत जायचे, घरचा प्रश्न एकेक करून सोडवायचा, एवढाच त्यांचा मंत्र. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के खिन्नतेतून बाहेर आले होते, इतरांपैकी ३९ टक्के. चिंतेच्या विकारातही ज्याची भीती वाटते ते टाळत न बसता, पायरीपायरीने त्याच्या समोर जाण्याचा अभ्यास गुणकारी ठरतो. बाजाराच्या गर्दीला घाबरणाऱ्या बाईने आज कोपऱ्यापर्यंत जावे, आठवड्याने पहिल्या दुकानापर्यंत. सोबतीला घरच्याने जावे, पण तिच्याऐवजी जाऊ नये.

घरच्यांचे काम येथेच सुरू होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कोणाचे मन कशातच लागत नसेल, पहाटेच जाग येत असेल, तर 'मन घट्ट कर' म्हणण्याऐवजी जवळच्या डॉक्टरांकडे न्यावे आणि धडधडीबरोबर उदासीही सांगावी. माणूस मरणाची भाषा बोलू लागला तर त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी न्यावे. कायद्याची भीती बाळगू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरतो आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकतो. २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. तिच्यावर मराठीत बोलता येते आणि कानडीतही; 'बेजार' हा शब्द तेथे दोन्ही अर्थांनी सांगता येईल.