ज्ञानेश्वरीतील दृष्टांत

ज्ञानेश्वरीतील दृष्टांत म्हणजे संत ज्ञानेश्वरांनी 'भावार्थदीपिका' अर्थात ज्ञानेश्वरी या ग्रंथात गीतार्थ स्पष्ट करण्यासाठी योजलेली उपमा, रूपक, दृष्टांत इत्यादी साम्यमूलक अलंकारांची योजना होय. नेवासे येथे शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. डोळ्यांना दिसणारे आणि वस्तुतः असणारे यांतील भेद दाखवणे, हे यांपैकी अनेक दृष्टांतांचे प्रयोजन आहे.

संज्ञा

'दृष्टांत' हा शब्द 'दृष्ट' (पाहिलेले) आणि 'अंत' (निश्चय) या पदांपासून बनला आहे. अलंकारशास्त्रात, एखादे विधान करून त्याच्याशी बिंबप्रतिबिंबभाव असलेले दुसरे विधान साम्यवाचक शब्दाविना मांडल्यास दृष्टांत अलंकार होतो. ज्ञानेश्वरीच्या संदर्भात मात्र 'जैसा–तैसा' अशा शब्दांनी जोडलेल्या उपमांनाही सैल अर्थाने दृष्टांतच म्हटले जाते. एकाच मुद्द्यासाठी अनेक दृष्टांत ओळीने आल्यास ती दृष्टांतमाला होय.

यथार्थ दर्शनाचे दृष्टांत

गीतेच्या चौथ्या अध्यायातील १८ व्या श्लोकात, कर्मात अकर्म पाहणाऱ्यास बुद्धिमान म्हटले आहे. हे 'पाहणे' कसे असते, ते ज्ञानेश्वर तीन दृष्टांतांनी सांगतात. पाण्याकाठी उभा असलेला मनुष्य आपले प्रतिबिंब पाहतो, तरी आपण त्याहून वेगळे आहोत हे निःशंकपणे ओळखतो. नावेतून वेगाने जाणाऱ्यास काठावरची झाडे धावताना दिसतात. पण नीट पाहिल्यावर ती अचल असल्याचे त्याला कळते. सूर्य उदयास्तामुळे न चालताही चालल्यासारखा भासतो. तिन्ही ठिकाणी दृश्य नाहीसे होत नाही. बदलतो तो पाहणाऱ्याचा निश्चय. ज्ञानी पुरुषही सर्व कर्मे करीत असताना आपले अकर्तेपण जाणतो, हा येथील आशय आहे.

सदोष दृष्टीचे दृष्टांत

नवव्या अध्यायात ११ व्या श्लोकावरील विवेचनात दोष वस्तूचा नसून पाहणाऱ्याचा आहे, असे प्रतिपादन येते. कावीळ झालेल्यास चांदणे पिवळे दिसते. तापाने तोंड बिघडलेल्यास दूध कडू लागते. पाण्यातील नक्षत्रांचे प्रतिबिंब रत्ने समजून झेपावणारा हंस आपला घात करून घेतो. त्याचप्रमाणे ईश्वराला केवळ मनुष्यदेहधारी समजणारे त्याच्या निर्मळ स्वरूपावर दोष लादतात. दृष्टांतासाठी आजार, पशुपक्षी, पाणी, प्रकाश असे सर्वांच्या अनुभवातील विषय निवडल्यामुळे तत्त्वज्ञानाशी अपरिचित श्रोत्यालाही त्याचा अर्थ पडताळून पाहता येतो.

शब्दाचे सामर्थ्य आणि मर्यादा

सहाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर मराठी बोलाच्या रसाळपणाचे वर्णन करतात. शब्द हा कानाचा विषय. पण त्याचा आस्वाद घेण्यासाठी जीभ, नाक आणि डोळे परस्परांशी स्पर्धा करू लागतात, अशी कल्पना तेथे आहे. 'अमृतानुभव' या ग्रंथातील 'शब्दखंडन' प्रकरणात शब्दाला अमूर्ताचा आरसा म्हणून गौरवले आहे. साध्या आरशात पाहणारा स्वतःला पाहतो, तर शब्दाच्या आरशाने न पाहणाराही पाहता होतो. तथापि स्वयंप्रकाश आत्म्यास दाखवण्याचे काम शब्दाकडे उरत नाही, असा त्या प्रकरणाचा सिद्धांत आहे. त्यामुळे दृष्टांत हे दृष्टी स्वच्छ करण्याचे साधन ठरते. ते प्रत्यक्ष अनुभवाची जागा घेत नाही.