महासाथीतील वस्ती-आरोग्यसेवा : पवईतील अनुभव

महासाथीच्या काळात स्वतःहून दवाखान्याची पायरी चढू न शकणाऱ्यांपर्यंत, त्यांच्या दाराशी जाऊन दिली जाणारी सेवा म्हणजे वस्ती-आरोग्यसेवा. रुग्णालयांत खाटा किती, प्राणवायू किती, अतिदक्षता विभागात जागा किती, याची चर्चा सर्वत्र होते. मात्र ताप आलेल्या माणसाची पहिली नोंद कोणी घेतली, त्याला तपासणीस जाण्यास कोणी राजी केले आणि तो विलगीकरणात असताना त्याच्या घरच्यांची चूल कशी पेटली, याची चर्चा क्वचितच होते. रुग्ण खाटेपर्यंत वेळेत पोहोचणार की नाही, हे बहुधा या आधीच्या टप्प्यावरच ठरलेले असते. मुंबईच्या उपनगरांत ही सेवा कशी चालते आणि कोठे अडते, हे कोविड-१९च्या काळात पवईत जितके स्पष्ट दिसले तितके फार थोड्या ठिकाणी दिसले असेल.

एकच परिसर, दोन वस्त्या

मुंबईला अधिक पाणी मिळावे म्हणून १८९१च्या सुमारास पवईचा तलाव बांधण्यात आला. त्याचे पाणी पिण्यायोग्य नसल्याचे लवकरच लक्षात आले आणि तो नळाऐवजी नजरेला सुख देणारा जलाशय होऊन राहिला. १९५८मध्ये स्थापन झालेली आयआयटी पुढे तलावाच्या काठी आली, १९८०च्या दशकाअखेरीस हिरानंदानी संकुलाच्या इमारती उभ्या राहू लागल्या, मागोमाग माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आली. याच परिसरात आयआयटीसमोरच्या टेकडीवरील महात्मा फुले नगर, मिलिंद नगर, चैतन्य नगर, मोरारजी नगर या वस्त्या आणि तिरंदाज, पासपोली ही जुनी गावठाणेही आहेत. इमारतींतील घरकाम, सुरक्षारक्षकाची नोकरी, वाहनचालकाचे काम, बांधकामावरची मजुरी यांपैकी बरीचशी कामे याच वस्त्यांतील माणसे करतात. म्हणजे ज्यांचे पत्ते एकमेकांपासून दूर वाटतात त्यांचा श्वास रोज एकाच उद्वाहनात मिसळत असतो.

प्रशासकीयदृष्ट्या पवईचा मोठा भाग महानगरपालिकेच्या एस विभागात येतो. भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि पवई असा हा विस्तीर्ण विभाग असून २०११च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४३ हजार होती. विभाग कार्यालय भांडुपला आहे. पवईच्या पश्चिमेकडील काही भाग मात्र कुर्ल्याच्या एल विभागात मोडतो. रस्त्याच्या एका बाजूचा रुग्ण एका कार्यालयाचा आणि समोरच्या बाजूचा दुसऱ्या कार्यालयाचा, ही गोष्ट एरवी किरकोळ वाटेल. साथीत ती किरकोळ राहत नाही.

घरीच विलगीकरण : कोणाच्या घरी?

मुंबईत कोविडचे पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळले. १३ मार्चपासून राज्य सरकारने १८९७चा साथरोग कायदा लागू केला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. आरंभी विदेशातून आलेला प्रवासी हाच संशयित मानला जात असे. आजार विमानतळावरून आला, पण पुढे तो ज्यांनी विमान केवळ आकाशात पाहिले होते अशांच्या घरांत शिरला.

सौम्य लक्षणे असलेल्या रुग्णाने घरीच राहावे, ही सूचना पुढे आली तेव्हा तिला एक अट होती. रुग्णासाठी स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय हवे. टेकडीवरच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील आणि शौचालय गल्लीच्या टोकाला असेल, तर या अटीचा अर्थ उरत नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषानुसार सामुदायिक शौचालयात दर ३५ पुरुषांमागे आणि दर २५ स्त्रियांमागे एक शौचकूप अपेक्षित आहे. हा निकष काटेकोरपणे पाळला तरी एका कडीला दिवसभरात किमान पंचवीस हात लागणार. म्हणूनच वस्त्यांसाठी 'कोविड काळजी केंद्रे' उघडावी लागली. बाधितांच्या निकट संपर्कातील व्यक्तींसाठी एक प्रकार आणि लक्षणे नसलेल्या किंवा सौम्य लक्षणांच्या बाधितांसाठी दुसरा. शाळा, सभागृहे, वसतिगृहे, लॉज आणि रिकाम्या इमारती यासाठी ताब्यात घेण्यात आल्या. त्यापुढील उपचारांसाठी पवईकरांना मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय, घाटकोपरचे राजावाडी किंवा मुलुंडचे जम्बो केंद्र गाठावे लागे.

या फरकाची मोजदादही झाली. नीति आयोग, महानगरपालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी जुलै २०२०मध्ये मुंबईच्या तीन विभागांत (आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर) ६,९३६ व्यक्तींच्या रक्ताची तपासणी केली. वस्त्यांतील सुमारे ५७ टक्के, तर वस्त्यांबाहेरील सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. पवई या तीन विभागांत नव्हती. परंतु एकाच विभागाच्या हद्दीत घराच्या आकारानुसार संसर्गाचे प्रमाण साडेतीन पटींनी बदलते, हा निष्कर्ष पवईने वाचण्यासारखाच होता.

नोंदवही घेऊन फिरणाऱ्या स्त्रिया

वस्त्यांत प्रत्यक्ष काम कोणी केले? टीव्हीवर दिसले ते डॉक्टर आणि अधिकारी. दारोदार गेल्या त्या महानगरपालिकेच्या आरोग्यसेविका. त्यांची व्यवस्था कोविडसाठी उभारलेली नव्हती. शहरी झोपडवस्त्यांत प्राथमिक सेवा पोहोचावी यासाठी १९८२मध्ये कृष्णन समितीने सुमारे ५० हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य केंद्र असावे, असे सुचवले होते. त्यानंतर जागतिक बँकेच्या साह्याने राबवलेल्या पाचव्या भारत लोकसंख्या प्रकल्पातून मुंबईत आरोग्य केंद्रांचे जाळे विणले गेले आणि वस्तीतल्याच स्त्रियांना आरोग्य स्वयंसेविका म्हणून नेमण्यात आले. मूळ हेतू कुटुंबनियोजन आणि माता-बालआरोग्य हा होता. प्रत्येकीकडे ठरावीक घरे, घरटी नोंद, गरोदर स्त्रियांची यादी, बालकांच्या लसीकरणाच्या तारखा आणि क्षयरुग्णांचा पाठपुरावा.

२०२०मध्ये याच नोंदवहीने मोठे काम केले. कोणत्या घरात मधुमेही आजी आहे, कोणाला दमा आहे, कोण डायलिसिसवर आहे, कोणाची बायको सातव्या महिन्यात आहे, हे संगणकाला ठाऊक नव्हते, तिला होते. तापमापक यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेऊन ती फिरू लागली. प्राणवायूची पातळी ९४ किंवा ९५च्या खाली गेली की पुढे कळवायचे, हा साधा नियम. धाप लागलेली नसतानाही पातळी घसरलेली असू शकते, हे या आजाराचे विशेष फसवे लक्षण असल्याने त्या छोट्या यंत्राचे मोल मोठे होते. पुढे १५ सप्टेंबर २०२०पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही घरोघर पाहणीची मोहीम राज्यभर राबवली गेली. ती मुख्यतः अशाच कर्मचाऱ्यांच्या पायांवर चालली.

दार उघडले जाणे मात्र गृहीत धरता येत नव्हते. रुग्ण सापडला की गल्लीला बांबू बांधले जात, कामावरून काढले जाण्याची भीती असे, आणि 'नेलेला माणूस परत येत नाही' ही अफवा तपासणीपेक्षा वेगाने पसरे. अशा वेळी अनोळखी पथकापेक्षा, जिने त्याच घरातल्या बाळाला पोलिओचा डोस पाजला ती बाई अधिक उपयोगी पडते. मुंबईला याचा जुना धडा आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केल्यानंतर सरकारने घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण आरंभले. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले, शहर सोडू लागले आणि मार्च १८९८मध्ये मुंबईत दंगल उसळली. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. साथरोग कायदा त्या सक्तीच्या पर्वातला आहे, हे २०२०मध्ये तो पुन्हा लागू करताना फारसे कोणी आठवले नाही.

धारावीतील कामाचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण आढळला. त्यानंतर घरोघर तपासणी, ताप शिबिरे, संस्थात्मक विलगीकरण आणि अन्नपुरवठा यांच्या बळावर साथ आटोक्यात आली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी धारावीचे नाव घेतले. त्या यशात खासगी डॉक्टरांचा वाटा निर्णायक होता. वस्तीतला माणूस ताप आल्यावर प्रथम नाक्यावरच्या ओळखीच्या डॉक्टरकडे जातो. टाळेबंदीत असे अनेक दवाखाने बंद पडले होते. त्या डॉक्टरांना संरक्षक पोशाख देऊन कामात सामील करून घेतल्यावर चित्र पालटले. धारावीभोवती जगाचे लक्ष होते. मनुष्यबळ आणि साधनेही तिकडे वळली. चार ठिकाणी विखुरलेल्या, टेकडीच्या उतारावरच्या वस्त्यांना तेवढे लक्ष मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे.

मागे पडलेले आजार

सारी यंत्रणा एका आजारामागे धावते तेव्हा बाकीचे आजार थांबत नाहीत. देशात २०१९मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२०मध्ये ती १८ लाखांवर आली. रुग्ण कमी झाले नव्हते, शोधणारे कमी झाले होते. क्षयाचा खोकला आणि कोविडचा खोकला सारखाच, त्यामुळे खोकणारा माणूस घरात दडून बसे. सहा महिन्यांचे औषध मध्येच सुटले तर प्रतिरोधक क्षयाचा धोका असतो, आणि तो दाट वस्तीत शेजाऱ्यालाही होतो. बालकांचे नियमित लसीकरण काही काळ खोळंबले. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा प्रवास करणाऱ्यांची लोकल बंद झाल्यावर झालेली परवड तर वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

दुर्बल कोण, याचे उत्तरही काळाबरोबर बदलत गेले. २०२१च्या पहिल्या दोन महिन्यांत मुंबईतील सुमारे ९० टक्के रुग्ण इमारतींतील असल्याचे महानगरपालिकेने सांगितले. विसाव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, मुले विदेशात असलेल्या वृद्ध दांपत्याला त्या दिवसांत ऑक्सिमीटर मिळत होता. तो लावून पाहणारे मात्र कोणी नव्हते. इमारतींत आरोग्यसेविकेची नोंदवही नाही, असते ती सोसायटीची सदस्य-यादी. तिच्यात आजार लिहिलेले नसतात. प्रत्येक विभागातील वॉर रूममधून दूरध्वनीवरून खाटांचे वाटप सुरू झाल्याने मोठी सोय झाली, पण फोन करणारे कोणीतरी घरात असणे हे तिथेही गृहीत धरलेले होते. याच सुमारास, एप्रिल २०२१मध्ये, आयआयटीच्या संशोधकांनी नायट्रोजन निर्मितीच्या संयंत्रात कार्बनऐवजी झिओलाइटची चाळणी बसवून प्राणवायू तयार करण्याचा प्रयोग यशस्वी केला होता.

लस आणि मोबाइल

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठी ते खुले झाले तेव्हा कोविन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी सक्तीची होती. ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट त्याला वेळ मिळे. घरातला एकमेव मोबाइल कामावर नेणाऱ्या कुटुंबाला ती मिळणे कठीण होते. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीस मुभा मिळाली. ओळखपत्र नसलेल्यांसाठीची कार्यपद्धती केंद्राने मे महिन्यातच जाहीर केली, गरोदर स्त्रियांना जुलैत परवानगी मिळाली आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देण्याचे काम, उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यानंतर, ३० जुलै २०२१पासून शेजारच्या के पूर्व विभागात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. ज्यांना धोका सर्वाधिक, त्यांचा क्रम सोयीच्या दृष्टीने शेवटी लागला, असे या तारखांवरून म्हणावे लागते. तरीही त्या वर्षीच्या पाचव्या रक्तचाचणी पाहणीत वस्त्यांतील सुमारे ८७ आणि वस्त्यांबाहेरील सुमारे ८६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. आधीची दरी लस आणि संसर्ग यांनी मिळून बुजवली होती.

या सर्व काळात सुमारे चार हजार आरोग्यसेविकांना महानगरपालिकेकडून वेतन मिळत नव्हते, मानधन मिळत होते. कारण कागदोपत्री त्या 'स्वयंसेविका' होत्या. कर्मचारी म्हणून मान्यता, किमान वेतन, निवृत्तिवेतन या त्यांच्या मागण्या कोविडपूर्वीच्याच आहेत. साथीत घरोघर फिरणे बंधनकारक, पण नोकरी ऐच्छिक, हा विरोधाभास टाळ्या वाजवून मिटत नाही. नोव्हेंबर २०२२पासून महानगरपालिकेने 'आपला दवाखाना' योजना सुरू करून वस्त्यांजवळ मोफत तपासणीची सोय वाढवली. ती स्वागतार्हच आहे. फक्त दवाखाना एका जागी बसून असतो आणि रुग्णाने यावे अशी वाट पाहतो.

पवईतल्याच जयभीम नगरमधील शेकडो झोपड्या महानगरपालिकेने ६ जून २०२४ रोजी, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, पाडल्या. कारवाई योग्य की अयोग्य, हा वाद न्यायालयात गेला. तेथील अनेक कुटुंबे मात्र कित्येक महिने पदपथावर प्लास्टिकच्या आडोशाला राहिली. आरोग्यसेविकेची नोंद घर क्रमांकावर चालते. घर क्रमांक गेला की बाळाच्या पुढच्या डोसची तारीख, गरोदर बाईची तपासणी आणि क्षयरुग्णाच्या गोळ्यांचा हिशेब या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी निराधार होतात. क्षयरुग्णांच्या 'नि-क्षय' या राष्ट्रीय संगणकीय नोंदणीत रुग्ण एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करण्याची सोय आहे. त्यासाठी तो माणूस आता कोणत्या पदपथावर आहे, हे ठाऊक असणारे कोणीतरी लागते.