खोडदची दुर्बीण : सांगाडा जुना, संगणक नवे

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, ही दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी 1980 च्या दशकात आखलेला हा प्रकल्प टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारला. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांपैकी 14 मध्यवर्ती भागात सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये आहेत; उरलेल्या 16 तीन रांगांत सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तबकडीला सलग पत्रा नाही. पोलादी दोरांवर बारीक तारेची जाळी ताणून तिला खोलगट आकार दिला आहे. जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आवाक्यात राहिला. 2002 पासून ही दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली.

प्रत्येक तबकडीचा संकेत ऑप्टिकल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतो. तेथे कोरिलेटर हे यंत्र दर दोन तबकड्यांचे संकेत एकमेकांशी ताडून पाहते. 30 तबकड्यांच्या अशा 435 जोड्या होतात. पहिला कोरिलेटर खास याच कामासाठी घडवलेल्या चिपांवर चाले. तो एका वेळी 32 मेगाहर्ट्झचाच पट्टा हाताळी, आणि चिपांत कोरलेली गणिताची रीत बदलायची तर यंत्रच बदलावे लागे.

2010 च्या सुमारास यावर तोडगा निघाला. बाजारात सहज मिळणारे 48 संगणक लिनक्सवर एकत्र जोडले गेले आणि त्यांत संकेतांचे अंकांत रूपांतर करणारी कार्डे बसवली गेली. कोरिलेटर आता सॉफ्टवेअरमध्ये आला. उपद्रवी रेडिओ गोंगाट गाळण्याची नवी पद्धत वापरायची तर प्रोग्रॅम बदलणे पुरेसे ठरले.

त्यानंतरचे नूतनीकरण अधिक व्यापक होते. तबकड्यांचे सांगाडे तेच राहिले. नाभीवरील फीड व रिसीव्हर, फायबरची यंत्रणा, तबकड्या फिरवणाऱ्या मोटारी आणि नियंत्रण व्यवस्था टप्प्याटप्प्याने बदलण्यात आल्या. गणिताचा भार ग्राफिक्स कार्डे असलेल्या संगणकांवर सोपवला गेला. पूर्वी ठरावीक पाच वारंवारतांभोवतीच निरीक्षण होई. आता 120 ते 1450 मेगाहर्ट्झमधला बहुतेक भाग चार रुंद पट्ट्यांत सामावला, आणि एका वेळचा पट्टा 400 मेगाहर्ट्झपर्यंत गेला. काम चालू असताना जुनी यंत्रणा सोबत ठेवल्याने निरीक्षणे थांबली नाहीत. 2019 पर्यंत हे काम पुरे झाले आणि दुर्बिणीची संवेदनक्षमता तिपटीपर्यंत वाढली.

त्याचे फळ लवकरच दिसले. 2020 मध्ये अब्जावधी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजन वायूचे मोजमाप प्रसिद्ध झाले. 2023 मध्ये पल्सारांच्या स्पंदांवरून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात खोडदची निरीक्षणे वापरली गेली. लोखंडाचे आयुष्य मोठे, इलेक्ट्रॉनिक्सचे लहान. हे दोन भाग एकमेकांपासून सुटे असल्यामुळेच जुन्या तबकड्यांकडून हे नवे काम करून घेता आले.